मागे फिरणाऱ्याबरोबर कोण उतरणार?

मनालीहून घरी पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या सहलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लीडरचा मजकूर आला. भृगू तलावाकाठचे फोटो, सगळ्यांचे आभार, पुढच्या सहलीची तारीख आणि सर्वांत शेवटी एक वाक्य : यापुढे सदस्यांनी आपली तब्येत आणि तयारी बघूनच ट्रेकला नाव द्यावं, म्हणजे इतरांचा विरस होणार नाही. नाव कुणाचंच घेतलेलं नव्हतं. घ्यायची गरजही नव्हती. त्या दिवशी अर्ध्या वाटेवरून परत फिरलेल्या आम्ही दोघीच होतो, मी आणि माझी धाकटी जाऊ. त्या वाक्याखाली पटापट अंगठे उमटले. बसमध्ये ज्यांच्या मुलाला ताप आला म्हणून मी माझ्या पिशवीतली औषधं काढून दिली होती, त्यांचाही अंगठा त्यात होता.

जाऊ म्हणाली, "ताई, सोडून द्या." तिने सोडलं. मला ते जमलेलं नाही. आता उन्हाळी सहलींच्या जाहिराती पुन्हा सुरू झाल्या आहेत आणि तीच वाट "सोपी, एका दिवसाची, कुटुंबासह" म्हणून पुन्हा विकली जाते आहे. तेव्हा काय झालं ते लिहायलाच हवं.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांसाठी उंचीचा हिशेब आधी सांगते, कारण सगळी गफलत तिथेच होते. कळसूबाई १६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच काही नाही. मनाली साधारण २०५० मीटरवर आहे, म्हणजे तिथल्या हॉटेलात आपण पाठ टेकतो तेव्हाच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा चारशे मीटर वर असतो. रोहतांगच्या जुन्या रस्त्याने गाडी गुलाब्याला पोहोचते तेव्हा उंची तीन हजारांच्या पुढे गेलेली असते, आणि तोवर पायांना काहीच श्रम पडलेले नसतात. चालणं तिथून सुरू होतं. तलाव ४२०० मीटरच्या वर आहे. रोहतांगची खिंड ३९७८ मीटर, म्हणजे तलाव खिंडीपेक्षाही उंच.

वाट अवघड नाही, हे खरंच आहे. कडा नाही, दोर नाही, घसाऱ्याची नाळ नाही. बरीचशी वाट गवताळ कुरणांमधून जाते, जूनमध्ये वरच्या अंगाला बर्फाचे पट्टे लागतात. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेल्या माणसाला ही वाट बघून हायसं वाटतं. पण तलावापाशी दर श्वासाला मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. हवेतलं त्याचं प्रमाण तेच एकवीस टक्के, घटतो तो हवेचा दाब. इथे पायांच्या तयारीने भागत नाही. या हवेची सवय व्हायला शरीराला वेळ लागतो, आणि तो वेळ रात्रींच्या मुक्कामात मोजायचा असतो.

म्हणून पैसे भरण्याआधी मी फोन करून विचारलं होतं. मनालीत किती रात्री काढून आपण वर जाणार? उत्तर मिळालं, दोन. छापील कार्यक्रमातही तसंच होतं. पहिला दिवस आराम आणि हिडिंबा मंदिर, दुसरा दिवस सोलंग आणि अटल बोगदा, तिसऱ्या दिवशी तलाव. दोन रात्रीही कमीच, पण संध्याकाळी पुन्हा खाली झोपायला येणार होतो, म्हणून मी होकार दिला.

प्रत्यक्षात पंडोहच्या पुढे दरड कोसळली. बस तासन् तास एका जागी उभी राहिली आणि एक अख्खा दिवस रस्त्यातच गेला. दरड कुणाच्या हातात नसते, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. मनालीला पोहोचल्यावर लीडरने जाहीर केलं की कार्यक्रमात काहीही रद्द होणार नाही, कुणाचे पैसे वाया जाणार नाहीत. टाळ्या पडल्या. सोलंग आणि बोगदा शेवटच्या दिवसावर ढकलले आणि तलाव एक दिवस अलीकडे ओढला. म्हणजे मनालीत एकच रात्र, तीही अर्धी, कारण पहाटे साडेचारला गाडीत बसायचं होतं. "दोन रात्रींचं ठरलं होतं ना?" मी विचारलं. "काकू, आम्ही इतकी वर्षं लोकांना नेतोय. काही होत नाही," असं म्हणून तो पुढच्या खोलीकडे वळला.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगते आहे. कार्यक्रम कोलमडला की सगळ्यांत आधी कापली जाते ती विश्रांतीची रात्र. ती कुणाला प्रेक्षणीय वाटत नाही, तिचा फोटो निघत नाही, ती गेली म्हणून कुणी भांडत नाही. पण चार हजार मीटरवर जाणाऱ्या माणसासाठी सबंध कार्यक्रमात तिच्याइतकी मोलाची दुसरी गोष्ट नसते. तुमच्या सहलीत असं घडलं तर त्याच रात्री, सगळ्यांसमोर, लीडरला स्पष्ट विचारा : मग उद्या आपण तलावापर्यंत न जाता अलीकडच्या कुरणातूनच परत येणार का? उत्तर "नाही" असेल तर दुसऱ्या दिवशी मनालीत थांबा. वसिष्ठला जा, गरम पाण्याची कुंडं बघा. दिवस वाया जात नाही.

पहाटे निघालो. कोठी मागे टाकून गुलाब्याला उतरलो तेव्हा उजाडलं होतं. वीसेक माणसं, आमचा एक लीडर आणि एक स्थानिक वाटाड्या. वाटाड्या पुढे, भराभर चालणाऱ्या पोरांबरोबर. लीडर मध्ये. मागे कुणीच नाही. आपल्याकडच्या साध्या पावसाळी भटकंतीतही शेवटच्या माणसाच्या मागे एक जाणकार ठेवतात. मी तसं म्हणाले. तो म्हणाला, वाट एकच आहे, चुकायला जागा नाही.

पहिले दोन तास छान गेले, ते नाकारणार नाही. खाली बियासचं खोरं उलगडत होतं, समोर पांढरी शिखरं, पायाखाली ओलं गवत आणि त्यात पिवळी फुलं. जाऊ माझ्या पुढेच होती. ती दर रविवारी सिंहगड करते. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पळण्याच्या स्पर्धांत भाग घेणारी. तब्येत आणि तयारी म्हणजे काय, हे तिला शिकवायची कुणाला गरज नाही. उंचीचा त्रास कुणाला होईल हे वयावरून ठरत नाही आणि व्यायामावरूनही ठरत नाही. उलट दमदार माणसं भराभर चढतात आणि म्हणून लवकर अडकतात.

पुढे हळूहळू ती माझ्या मागे पडायला लागली. मग बोलायची थांबली. मग म्हणाली, डोक्याभोवती कुणीतरी ओला पंचा पिळून आवळतंय असं वाटतंय. थोड्याच वेळात सकाळचा पराठा उलटून पडला. लीडरला हाक मारली. तो आला आणि आल्या आल्या म्हणाला, "ॲसिडिटी आहे. रिकाम्या पोटी निघालात ना?" पराठा त्याच्या बुटांपासून दोन हातांवर पडला होता.

त्याने खिशातून कापराची पुरचुंडी काढून तिच्या हातात दिली. आपल्याकडे अमरनाथला जाणारा प्रत्येक जण कापूर घेऊन जातो, हुंगल्यावर बरंही वाटतं, पण कापराने रक्तातला ऑक्सिजन कणभरही वाढत नाही. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, एवढंच. मग त्याने ऑक्सिमीटर तिच्या बोटाला लावला. बोटं थंडगार, नखांना गडद रंग. आकडा बराच वेळ खालीवर होत राहिला आणि ८२ वर थांबला. "बघा काकू, ब्याऐंशी. या उंचीला नॉर्मल आहे." आकडा नॉर्मल असेलही. पण या आजाराचं निदान आकड्यावरून होत नाही. डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, थकवा किंवा चक्कर यांपैकी काही असेल, तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचा त्रास समजायचा असतो. थंड बोटांवर आणि रंगवलेल्या नखांवर ते यंत्र चुकतं, हेही त्याला ठाऊक असायला हवं होतं. लोकांच्या जिवाची जबाबदारी घेऊन फिरणाऱ्या माणसाकडून एवढी अपेक्षा जास्त नाही.

"पाच मिनिटं बसा, पाणी प्या, मग हळूहळू या," असं सांगून तो पुढे सरकला. आम्ही बसलो. तिच्या उजव्या बुटाची नाडी सुटली होती. ती वाकली, नाडीची दोन टोकं दोन हातांत धरली, आणि तशीच थांबली. टोकांकडे बघत राहिली. एक टोक दुसऱ्यावर आणलं, सोडलं, पुन्हा धरलं. गाठ काही पडेना. मी म्हणाले, "अगं, बांध ना." तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बांधतेच आहे." पुन्हा तेच. डोळे उघडे, हात नाडीवर आणि गाठ कुठेच नाही.

माझ्या पोटात गोळा आला. माझ्या भावाने मनालीच्याच पर्वतारोहण संस्थेत बेसिक कोर्स केलेला आहे. त्याने मला फार पूर्वी एक चाचणी दाखवली होती. सपाट जागेवर सरळ रेषेत, एका पावलाच्या बोटांना दुसऱ्या पावलाची टाच टेकवत चालायचं, दहा-बारा पावलं. मी काठीने मातीत रेघ ओढली आणि आधी स्वतः चालून दाखवलं. जाऊ उठली. तिसऱ्या पावलाला ती रेघ सोडून बाजूला गेली. पुन्हा चालायला लावलं, पुन्हा तोल गेला. मी दंड धरला नसता तर पडलीच असती.

डोकं दुखणं, उलटी होणं ही उंचीच्या त्रासाची सुरुवात. तेवढंच आणि सौम्य असेल तर वर चढणं थांबवून तिथेच थांबता येतं, थोडं बरं वाटतं का ते बघता येतं. पण माणसाचा तोल जायला लागला, तो गोंधळल्यासारखा वागायला लागला, तर मेंदूला सूज येत असल्याची शंका घ्यायची असते. तिथे थांबून बघत बसायचं नसतं. उतरायचं, ताबडतोब, आणि माणसाला एकटं सोडायचं नाही. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला येत असेल, ओठ निळे पडत असतील तर फुप्फुसात पाणी होत असल्याची शंका, आणि तिथेही तेच. उतरायचं.

मी ओरडून लीडरला परत बोलावलं आणि सांगितलं, आम्ही खाली चाललो आहोत, आमच्याबरोबर माणूस द्या. पुढचा संवाद मला शब्दन् शब्द आठवतो.

"काकू, तुम्हाला दोघींनाच खाली जाऊ देता येणार नाही. आमचा नियम आहे."

"मग वाटाड्याला पाठवा."

"तो पुढे गेलाय. आणि त्याला पाठवलं तर वरच्या लोकांना कोण नेणार?"

"मग तुम्ही चला."

"माझ्यामागे बाकीचे सगळे आहेत. त्यांनीही पैसे भरलेत."

"मग आम्ही काय करायचं?"

"इथेच बसून राहा. आम्ही तलाव बघून दोन-अडीच तासांत येतोच."

हा शेवटचा सल्ला मी कधी विसरणार नाही. ज्या बाईला बुटाची नाडी बांधता येत नव्हती, तिला त्याच उंचीवर, उघड्या कुरणात, ढग भरून येत असताना अडीच तास बसवून ठेवायचं आणि वीस जणांनी फोटो काढून यायचं. आमच्याच ग्रुपमधल्या एक बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही घाबरवताय तिला, म्हणून तिला जास्त होतंय." दुसऱ्या एका गृहस्थांनी घड्याळ दाखवलं. कुणीही "मी येतो तुमच्याबरोबर" असं म्हणालं नाही. त्यांच्यावर माझा राग आहे, पण लीडरवरच्या रागाइतका नाही. त्यांना ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक असायला हवं होतं.

आम्ही उतरायला लागलो. वरच्या एका कॅम्पवर सामान पोहोचवून दोन घोडी घेऊन खाली येणारा एक माणूस मागून आला, तिथलाच, पन्नाशीचा. त्याने जाऊच्या चेहऱ्याकडे एकदाच पाहिलं. "मॅडमजी, बैठना नहीं है. नीचे चलो. जितना नीचे जाओगे, उतना ठीक होगा." आमच्या लीडरला जे चार वाक्यांत सांगून पटलं नाही, ते याने न सांगता ओळखलं. जाऊला घोड्यावर बसवायचं का, असं मी विचारलं, तर तो म्हणाला, तोल जाणाऱ्या माणसाला घोड्यावर बसवत नाहीत, पडतील. एका बाजूने त्याने धरलं, दुसऱ्या बाजूने मी. घोडी आपली आपण पुढे चालत होती. भृगू ऋषींनी त्या तलावाकाठी तप केलं, गावागावांच्या देवता तिथे स्नानाला येतात, आणि भादव्यात गावचे लोकही जातात, असं तो सांगत होता, बहुधा जाऊला जागं ठेवायला.

तीनेकशे मीटर उतरलो असू, तेव्हा तिने आपणहून पाणी मागितलं. आणखी खाली आल्यावर म्हणाली, "ताई, माझी नाडी सुटलीये." वाकली आणि बांधली. मी तिथे रडले.

गुलाब्याला आमची गाडी नव्हती. चालक मनालीला परत गेला होता, संध्याकाळी येणार होता. वीस माणसं डोंगरात आणि गाडी खाली गावात. मोबाइलला रेंज येऊन-जाऊन. घोडेवाल्यानेच ओळखीच्या टॅक्सीवाल्याला फोन लावला. घोडेवाल्याने स्वतः पैसे घ्यायला नकार दिला, मी त्याच्या खिशात कोंबले. मनालीतल्या डॉक्टरांनी तपासलं, ऑक्सिजन लावला, औषध दिलं, काही तास ठेवून घेतलं. नाडीचं आणि रेघेचं मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही उतरलात ते योग्य केलंत. अशा वेळी वाट बघायची नसते." हे वाक्य मी ग्रुपवर टाकायला हवं होतं असं अनेकांनी सांगितलं. ते आता इथे टाकते आहे.

बाकीच्यांचं काय झालं तेही सांगते, कारण फोटोंमध्ये ते दिसत नाही. ते तलावावर दुपारी दोनच्या पुढे पोहोचले. त्या कुरणांवर जूनमध्ये दुपारनंतर ढग, गारा, विजा नेहमीच्याच, म्हणून जाणकार माणसं दुपारच्या आत माथ्यावरून उतरायला लागतात. यांना उतरताना गारांनी गाठलं. काहींकडे टॉर्च नव्हते. गुलाब्याला पोहोचायला अंधार झाला. रात्री जेवणाच्या टेबलावर तिघांचं डोकं दुखत होतं आणि एका मुलाने काही खाल्लं नाही. सगळे सुखरूप आले याचा मला मनापासून आनंद आहे. पण सुखरूप आले म्हणून निर्णय बरोबर होता, असं होत नाही.

आता ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी. पैसे भरण्याआधी आयोजकाला बऱ्याच गोष्टी विचारतात लोक, जेवण काय, खोलीत गिझर आहे का. त्याच्या जोडीला हे विचारा, आणि उत्तर फोनवर न घेता लेखी घ्या. वाटेत एखाद्याला परतावं लागलं, तर त्याच्याबरोबर कोण उतरणार? त्या माणसाचं काम कोणतं? तो उतरल्यावर उरलेल्यांना नेणारा दुसरा जाणकार ग्रुपमध्ये आहे का? आमच्या दिवसाची सगळी कहाणी या एका जागी अडली होती. वीस माणसांमागे एकच वाटाड्या असला की एक माणूस आजारी पडताच उरतात दोनच पर्याय, सगळ्यांनी परतायचं किंवा आजाऱ्याला सोडायचं. सगळ्यांनी पैसे भरलेले असतात, त्यामुळे कोणता पर्याय निवडला जाईल ते आधीच ठरलेलं असतं. लीडर चांगला की वाईट, हा प्रश्नही मग उरत नाही.

त्यानंतर परतीची वेळ विचारा. तलाव आला नाही तरी किती वाजता मागे फिरायचं, हे निघण्याआधी सगळ्यांना सांगितलं गेलं पाहिजे. जो लीडर "बघू, किती वेळ लागतो त्यावर" म्हणतो, त्याने ते ठरवलेलं नाही. गाडी दिवसभर पायथ्याशी थांबणार का, तेही विचारा. हा प्रश्न कुणीच विचारत नाही.

"संध्याकाळी आपण खाली येतोच ना, मग उंचीचा त्रास कसला," हे उत्तर तुम्हाला हमखास मिळेल. रात्री खाली झोपणं चांगलंच. पण सकाळी अकराला आजारी पडलेल्या माणसाला सकाळी अकरालाच खाली आणावं लागतं, त्याला संध्याकाळचा काय उपयोग? हेमकुंडचा गुरुद्वाराही चार हजार मीटरच्या वर आहे आणि तिथे रात्री राहायची सोय ठेवलेली नाही, यात्रेकरूंना दुपारी खाली उतरायला लावतात, घांघरियाला. तिथली शिस्त मोठी आहे. शिवाय तिथे पोहोचेपर्यंत बहुतेकांच्या दोन-तीन रात्री डोंगरात झालेल्या असतात.

भृगूच करायचा असेल तर घाईने एका दिवसात करू नका. वाटेत कुरणावर मुक्काम करत, रोला खोलीला तंबूत राहून, मग तलाव आणि परत, असा तीन-चार दिवसांचा कार्यक्रम अनेक जण करतात. तोच धरा, आणि त्याआधी मनालीत दोन रात्री. साधारण नियम असा की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. कार्यक्रमपत्रिका हातात घ्या, प्रत्येक मुक्कामासमोर उंची लिहा आणि वजाबाकी करा. आयोजकाला ते आकडे माहीत नसतील तर त्याच्याबरोबर जाऊ नका.

डायमॉक्सबद्दल सगळे विचारतात. ते डॉक्टरांना विचारून घ्या, निघण्याच्या आदल्या दिवशी सुरू करतात, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. त्रास टाळायला त्याची मदत होते. पण गोळी घेतली आहे म्हणून त्रास सुरू झाल्यावरही चढत राहायची मुभा मिळत नाही. खूप पाणी प्यायल्याने हा त्रास टळतो, हेही खरं नाही. पाणी प्यावंच, पण ते उपाय नव्हे. सहलीचा विमा असेल तर किती उंचीपर्यंत लागू आहे ते बघा. आयोजकाची नोंदणी बघा, महाराष्ट्रात २०२१ पासून साहसी पर्यटनाचं धोरण आहे आणि हिमाचलातही पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. बाकी नेहमीचंच. चांगले बूट, पावसाचं जाकीट, टॉर्च, टोपी, सुकामेवा, थर्मास. ११२ हा आपत्कालीन नंबर. ऊन डोळ्यांत जातं, काळा चष्मा घ्या.

ज्यांना खरोखर सोप्या वाटेने डोंगरातला तलाव बघायचा आहे, घरातल्या सासूबाईंना आणि लहान मुलांना घेऊन, त्यांच्यासाठी दुसऱ्या जागा आहेत. उत्तराखंडात उखीमठच्या पुढे सारी गाव आहे. तिथून देवरिया ताल तीनेक किलोमीटर, उंची २४०० मीटरच्या आसपास, आणि आभाळ निवळलेलं असेल तर पाण्यात चौखंबा दिसतो. हिमाचलातच मंडी जिल्ह्यात पराशर तलाव आहे, साधारण २७३० मीटर, काठावर लाकडी पॅगोडासारखं देऊळ आणि पाण्यात तरंगणारं गवताचं बेट. तिथे तर गाडी बरीच जवळ जाते. सोपी म्हणायची ती या वाटांना म्हणा.

आम्ही आयोजकाकडे पैसे परत मागितलेले नाहीत. मी त्याला पत्र लिहिलं आणि दोन गोष्टी विचारल्या : वीस माणसांमागे एक वाटाड्या हे कुणी ठरवलं, आणि आजारी बाईला कुरणात बसवून ठेवायचा नियम कुठे लिहिला आहे. ते पत्र नोंदणीकृत टपालाने पाठवलं, पोहोच माझ्याकडे आहे. उत्तर आलेलं नाही. या मे महिन्याच्या जाहिरातीत भृगू तलाव पुन्हा एका दिवसाचाच आहे. तुमच्या हाती ती जाहिरात आली तर फोन करा, आणि आजारी माणसाबरोबर कोण उतरणार ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत पैसे भरू नका.